डांबरगोळ्यांनी पास केलेलं स्टॅबिलायझर

"मॅडम, वास गेला. तुमचं स्टॅबिलायझर पास," म्हणत आमचे डायरेक्टर पेढ्यांचा बॉक्स घेऊनच लॅबमध्ये शिरले.

मी लातूरची, केमिस्ट. कंधार रोडच्या एका कारखान्यात नोकरीला होते. तिथं काडतुसांची दारू साठवायचे. ही दारू नुसती पडून राहिली तरी आतून हळूहळू खराब होते. तिच्यातून आम्लाची वाफ निघते, त्या वाफेनं ती आणखी बिघडते, तापते आणि एखाद्या दिवशी काडी न लावता पेट घेते. ही वाफ गिळणारं रसायन म्हणजे स्टॅबिलायझर. जुनं आमच्याकडच्या उन्हाळ्यात टिकेना, म्हणून नव्याची ट्रायल गोदामात चालू होती. आणि तिथं वाफेचा उग्र वास सुटला होता. म्हणजे नवंही नापास. हे साहेबांना मी सांगून थकले होते.

"कालपर्यंत वास होता. एका रात्रीत गेला कसा?"

"तुम्ही लई शंका काढून राहिल्या मॅडम. उद्या माल घेणारी पार्टी येऊन राहिली. रिपोर्टवर सही करा."

पेढा तसाच ठेवून मी गोदामात गेले. लग्नातल्या शालूंची ट्रंक उघडावी तसा वास आला. कोपऱ्याकोपऱ्यात डांबरगोळ्या. गोदाम सांभाळणारा गंगाधर दारातच उभा होता. त्याची बायको-लेकरं मागच्याच क्वार्टरमध्ये राहायची.

"साहेबानं ठेवायला लावल्या," तो म्हणाला. "पार्टीला वास नको म्हणले."

"आणि तू ठेवल्यास?"

"साहेबाला न्हाई कसं म्हणावं?"

माझं डोकंच फिरलं. या साहेबाच्या घरी गॅस गळला तर हा उदबत्ती लावेल. सॅम्पल तपासलं. स्टॅबिलायझर जवळजवळ संपलं होतं. मी तडक केबिनमध्ये गेले.

"सही करते साहेब. पण पार्टी येईपर्यंत तुम्ही गोदामात खुर्ची टाकून बसा."

साहेबांच्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला. "मी कशाला?"

"पास झालंय ना?"

साहेब फोनकडे वळले. आधी गंगाधरचं बिऱ्हाड नायगावला त्याच्या मेव्हण्याकडे पाठवलं, मग ट्रायलचा सगळा माल बाहेर काढून नियमाप्रमाणे नष्ट केला. पार्टीला येऊ नका म्हणून कळवलं. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुढचं स्टॅबिलायझर एक अख्खा उन्हाळा टिकलं, तेव्हा कुठं मी सही केली.

वास घालवला म्हणून धोका जात नाही, हे कळायला केमिस्ट लागत नाही. आमच्याकडे मात्र लागला. नंतर साहेबांनी विचारलं, "उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं?"

म्हटलं, "तुमच्या सुटाच्या खिशात ठेवा. तिथं तरी कामाला येतील."