हिरव्या खिडकीतून आलेले पाहुणे

माझी कामाची आणि घरची खाती मी कधीही मिसळू देत नाही. हे मी माहेरी सांगितलेलं आहे, सासरी सांगितलेलं आहे आणि एकदा मूल-चंद्रपूर बसमध्ये शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईंनाही नीट समजावून दिलेलं आहे. (त्या बाई वाटेतल्या चिचपल्लीलाच उतरल्या. तिकीट बहुधा चंद्रपूरचं होतं.)

मी मूलला मच्छीमार संस्थांच्या एका संघात संगणक चालवते. लॅपटॉप संघाचा, पण संध्याकाळी तो माझ्याबरोबर घरी येतो. म्हणून ब्राउझरमध्ये मी दोन प्रोफाइल करून ठेवलेत. कामाच्या खिडकीला हिरवी किनार, घरच्या खिडकीला लाल. हिरवीत तलाव, मत्स्यबीज, ठेके आणि संस्थांचे अध्यक्ष. लालमध्ये विजेचं बिल, गॅसचा नंबर आणि सासरची झाडून सगळी माणसं. सासूबाईंना समजावं म्हणून मी म्हटलं, "धानाच्या दोन बांध्यांच्या मधात धुरा असते ना, तसं समजा. इकडचं पाणी तिकडं जात नाई."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "धुऱ्याले खेकडा भोक पाडते, माय."

मी हसले. इतकी हसायला नको होती.

तर त्या दिवसांत आमच्या शीतलला, म्हणजे माझ्या नणंदेला, पाहायला पाहुणे येणार होते. शीतल गोंडपिपरीकडे नर्स आहे. नितेश तिथेच रक्त-लघवी तपासतो. दोघांनी आपसात सगळं ठरवून टाकलेलं होतं. राहिलं होतं ते फक्त थोरांनी ठरवल्यासारखं करणं. अडचण एकच होती, नितेशचे वडील मारोतराव. ढिवराच्या घरात जन्मून, अर्धं आयुष्य तलावात जाळं टाकून, या गृहस्थांनी माळ घातली होती आणि आता त्यांना माशाचा वासही चालत नव्हता. नितेशसाठी आलेलं एक स्थळ त्यांनी केवळ अंगणातली तुळस सुकलेली दिसली म्हणून परत पाठवलं होतं.

शीतलनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "वयनी, हे जमलं नाई तं मी दुसऱ्या कोनाच्या समोर पोहे घेऊन जानार नाई. सांगून ठेवतो. मजाक नाई करून राह्यलो." बोलताना तिचे डोळे भरले होते. पोरगी एरवी कोणासाठी रडणारी नाही.

त्यामुळे आठवडाभर आमच्या घरात मासा शिजला नाही. माझे यजमान दिवाकर भेंडीच्या भाजीकडे असे बघत जेवायचे की घरात काहीतरी वाईट घडलंय असं शेजाऱ्यांना वाटावं. तुळशीला तर इतकं पाणी घातलं की ती कुजायला आली.

बोलावण्यांचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. दिरांनी खुर्च्या आणायच्या, चुलत सासऱ्यांनी पेढे, मावससासूंनी चांगल्या कपबशा, हे आधीच ठरलं होतं. शनिवारी संध्याकाळी घरी संघाचा अहवाल संपवला आणि तिथेच बसून निमंत्रणाचा ईमेल लिहिला: 'रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या घरी बैठक आहे. मागच्या वेळी ठरल्याप्रमाणे ज्याने त्याने आपापली वस्तू आणावी. कोणीही कारणे सांगू नयेत.' पत्त्याच्या जागी नुसतं 'सर्व' लिहिलं की 'सर्व घरचे' ही यादी आपोआप वर येते. मी 'सर्व' लिहिलं, काहीतरी वर आलं, मी बटण दाबलं. मग दिवाकरना बोलावून दाखवलं.

"पाहा. पद्धत असली की काम असं होते. एका मिनिटात सगळ्यांले पोचलं."

"बरं," म्हणून ते भेंडी खायला गेले.

रविवारी दहा वाजले तरी खुर्च्यांचा पत्ता नव्हता, पेढ्यांचा नव्हता, कपबशांचाही नव्हता. दारात उभे होते एका संस्थेचे अध्यक्ष फकिराभाऊ, हातात भिजवलेलं पोतं घेऊन. पोतं हलत होतं.

"नमस्कार मॅडम. आनली."

"काय आनली, भाऊ?"

"मरळ. जित्ती हाये. मागच्या बैठकीत ठरलं नाई का, हरेकानं आपल्या तलावातला एकेक नमुना आनाचा म्हनून? बीज कसं वाढून राह्यलं ते पाहाले?"

मी आत जाऊन लॅपटॉप उघडला. किनार हिरवी होती. यादीचं नाव 'सर्व अध्यक्ष' होतं. मी तो बंद केला. पुन्हा उघडला. हिरवीच होती.

बाहेर आले तोवर आणखी अध्यक्ष आले होते. कोणी रोहू आणला होता, कोणी कतला. एकानं झिंगे आणले होते आणि जास्तच आणले म्हणून तो माझ्या कौतुकाची वाट बघत होता. संघाच्या कार्यालयाला रविवारी कुलूप असतं, म्हणून मॅडमनं बैठक घरी ठेवली, असं सगळ्यांनी समजुतीनं घेतलं होतं.

"भाऊ, जरासा घोटाळा झाला," मी म्हटलं.

"होते, होते. आमी थांबतो नं. कारनं सांगाची नाई म्हनून तुमीच लिवलं हाये."

तेवढ्यात दिवाकर धापा टाकत आले. "पावने बसस्टँडवर उतरले. नितेशचा फोन होता." मग त्यांचं लक्ष रोहूकडे गेलं, आणि आठवड्यात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. तो मला फार लागला.

आम्ही अध्यक्षांना घरामागच्या सांदवाडीत नेऊन बसवलं. रोहू मोरीत गेला, कतला न्हाणीघरातल्या टबात, झिंगे कपाटामागं. सासूबाईंनी उदबत्तीचा अख्खा पुडा एकदम पेटवला. त्यामुळे माशाचा वास गेला नाही, फक्त माशांची आरती चालू असल्यासारखं वाटू लागलं.

मारोतराव आले. पांढरंशुभ्र धोतर, गळ्यात माळ, मागे नितेश आणि त्याची आई. पाहुण्यांना दारात पाय धुवायला पाणी द्यायची आमच्याकडे रीत आहे. सासूबाईंनी सकाळीच काळ्या बादलीत स्वच्छ पाणी भरून अंगणात ठेवलं होतं. मी पुढे झाले, वाकून म्हटलं, "पाय धुवा," आणि अदबीनं बादली त्यांच्यापुढे सरकवली. ती जरा जड लागली, पण तेव्हा मला सगळंच जड लागत होतं.

(फकिराभाऊंचं असं झालं की पोत्यात मरळीचा जीव घाबरा होऊ लागला. माणूस दयाळू. भरलेली बादली दिसली. काळ्या बादलीत काळी मरळ सोडली आणि ते निर्धास्त सांदवाडीत गेले.)

मारोतरावांनी 'पांडुरंग' म्हणत लोटा बुडवला. मरळ उसळून थेट त्यांच्या पायावर पडली आणि तिथून अंगणात नाचू लागली. मारोतराव एका पायावर उभे राहिले. त्यांची बायको भिंतीला टेकली. मी मदत करायची म्हणून हातातला टॉवेल मरळीवर टाकला, तर मरळ टॉवेल पांघरून नाचू लागली.

तेव्हा शीतल धावत आली. नवी साडी, हातात पोह्यांचं ताट. तिनं ताट खाली ठेवलं, पदर खोचला, मूठभर माती हाताला चोळली, मरळ अचूक मानेजवळ पकडली, बादलीत टाकली आणि ती परत उसळू नये म्हणून वर पोह्यांचं ताट ठेवून दिलं. मग मारोतरावांच्या पायाशी बसली.

"पाय हलवू नका, मामाजी. लागलं काय कुठी? ओरखडा हाये जरासा, घाबरू नका."

सगळ्यांच्या माना शीतलकडे वळल्या. ओरखड्यामुळे नव्हे. आमच्याकडे मामाजी म्हणतात ते सासऱ्याला, आणि पोरगी अजून पसंत व्हायची होती. शीतलच्याही ते लक्षात आलं. तिची मान खाली गेली ती वर येईना. माझ्या एका चुकीच्या खिडकीनं या पोरीचं सगळं मातीत घातलं, असं मला वाटलं आणि रडूच कोसळायचं बाकी राहिलं.

तेवढ्यात कोपऱ्यावरून फकिराभाऊंनी डोकं काढलं. "मॅडम, बैठक सुरू झाली काय?"

मारोतराव बादलीकडे बघत होते. "कोन्या तलावातली?" त्यांनी विचारलं.

फकिराभाऊंनी तलाव सांगितला.

"तिथी मी बापासंगं जात होतो," मारोतराव म्हणाले. "माळ घातली, आता खात नाई. पन मरळ हातातून सुटते, हे ठाव हाये मले. मोठमोठ्या गड्यांच्या हातातून सुटते." मग ते नितेशच्या आईकडे वळले. "पोरगी पाहाले आलो होतो ना? पाह्यली. चाला आत."

पोहे मात्र त्यांनी घेतले नाहीत. ते बादलीवर होते.

संध्याकाळपर्यंत दिरांपासून मावससासूंपर्यंत सगळ्यांचे फोन येऊन गेले. प्रत्येकाचा प्रश्न एकच होता: आमाले काऊन नाई बलावलं? सासूबाईंनी सगळ्यांची समजूत काढली आणि मग माझ्याकडे हात पुढे केला.

"तुवी ते लाल खिडकी मले शिकव."

"तुमी कशाले तरास घेता?"

"खेकडा घरातच हाये," त्या म्हणाल्या.

त्या एका बोटानं, सावकाश लिहितात, आणि बटण दाबायच्या आधी किनार बघतात. आता माझी कामाची आणि घरची खाती पूर्णपणे वेगळी आहेत. कामाचं माझ्याकडे आहे, घरचं सासूबाईंकडे, आणि पासवर्ड त्यांनी बदललाय. शीतलच्या साखरपुड्याला त्यांनी अध्यक्षांनाही बोलावलं; माझं बोलावणं मला हिरव्या खिडकीत आलं, त्यांनी स्वतः केलेल्या 'सर्व अध्यक्ष' या यादीत, फकिराभाऊंच्या नावाच्या खाली.