वाऱ्याखालची ओळ

पासपोर्टबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण गावातल्या जवळजवळ प्रत्येकाला तिने एकदा तरी ‘हनुवटी खाली, हसायचं नाही’ असं दटावून चौकटीत बसवलं होतं, त्यामुळे तेच चिकटलं. कातडी कमावण्याच्या कारखान्याला शंभर वर्षं होणार म्हणून कंपनीने पुस्तक काढायचं ठरवलं. डाव्या पानावर जुना फोटो, उजव्या पानावर त्याच जागेवरून काढलेला आजचा. नव्या फोटोंचं काम तिला मिळालं. स्वारी भलतीच खूश झाली. तो आनंद फार टिकला नाही.

जुने फोटो घेऊन ती जागा शोधत हिंडू लागली. फाटक, बॉयलरघर, साहेबांचे बंगले. पहिला फोटोवाला जिथे उभा राहिला असेल तिथेच उभं राहायचं, खिडकीला खिडकी जुळवायची आणि बटण दाबायचं. चार-सहा फोटो झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण उभ्या राहतो तिथे वासच येत नाही. ज्या गावात वाळत घातलेल्या कपड्यांनाही कुजक्या मांसाचा वास धरतो, त्या गावात!

घरी येऊन तिने सगळे जुने फोटो टेबलावर पसरले. प्रत्येकात धुरांड्याचा धूर कॅमेऱ्याकडे पाठ करून चाललेला. पठ्ठ्या दर वेळी आधी वारा बघून मग उभा राहिला होता. साहेबांच्या नाकाची काळजी. आणि धूर चालला होता तो थेट तिच्या आईच्या घराकडे.

कामगारांच्या घरांची ती ओळ कातडी भिजवायच्या चुन्याच्या हौदांच्या मागे, वाऱ्याखाली. आई कातड्यांवरचं मांस खरवडायचं काम करायची. घरी येऊन कितीही हात घासले तरी मुली तिच्या हातचा घास श्वास रोखून खायच्या. आई गेली, मावशी अजून तिथेच राहते. शंभरीचा सोहळा उरकला की ती ओळ पाडायची ठरली होती. म्हणजे पुस्तकात आली तर आली, नाहीतर तिथे कधी कोणी राहतच नव्हतं म्हणायला सगळे मोकळे.

पासपोर्टबाई कॅमेरा घेऊन तिथे गेली. दारांना लागून गटार, गटारावर करडी साय, सायीत केसांचे पुंजके आणि चरबीचे गोळे. एक कुत्रं त्यातून काहीतरी लांबलचक ओढून काढत होतं. तिने श्वास रोखला आणि फोटो काढला.

पुस्तकाचे संपादक म्हणजे कंपनीचे निवृत्त मॅनेजर. त्यांनी तो फोटो दोन बोटांत धरला, जसा काही गळत होता.

“बाई, जोडी हवी. याचा जुना फोटो कुठाय?”

“कोणी काढलाच नाही.”

“मग प्रश्नच मिटला.”

“मिटला कसा? डावं पान कोरं सोडा. खाली लिहा, इथून कोणी फोटो काढला नाही.”

साहेबांनी बरंच समजावलं. पुस्तक सोहळ्याला येणाऱ्या पुढाऱ्यांना, पाहुण्यांना भेट द्यायचं आहे, लोक जेवून उठल्यावर चाळणार, वगैरे. तिने सांगितलं, हा नसेल तर बाकीचेही मिळायचे नाहीत. छपाई तोंडावर आली होती. साहेब म्हणाले, बरं, तुमचा फोटो घेतो, डाव्या पानाचं आम्ही बघतो. इतकं गोड बोलले तेव्हाच तिने ओळखायला हवं होतं.

पुस्तक आलं. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं. उजव्या पानावर ओळ होती, गटारासकट. आणि डाव्या पानावर अत्तराची जाहिरात! मानेची कमान करून, डोळे मिटून, गालात हसत एक गोरीगोमटी बाई दीर्घ श्वास घेत होती. कोरं पान पुढाऱ्यांना दिसायला नको, शिवाय जाहिरातीचे पैसे आले. पासपोर्टबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांत गटाराचीही एवढी शिसारी आली नव्हती. मावशीच्या प्रतीतून तरी ते पान उडवायचं, म्हणून तिने पर्समध्ये ब्लेड टाकलं.

पण मावशीला धीर कुठला? पासपोर्टबाई दारात पोचते न पोचते तोच तिने पुस्तक ओढून घेतलं. बंगले भराभर उलटले. ओळीच्या पानावर आली आणि सवयीने तिचा हात नाकावर गेला. मग बोटाने एकेक दार मोजत तिने कोण कुठे राहायचं ते सांगितलं. आईच्या दारावर बोट जरा जास्त थांबलं. शेवटी नजर डावीकडे गेली.

“ही कोण गं?”

पासपोर्टबाईचा हात पर्समध्ये होता.

मावशीने पुस्तक जवळ घेतलं, लांब धरलं. अत्तरवालीचं तोंड नेमकं उजवीकडे, गटाराकडे वळलेलं होतं.

“आमच्या गटाराचा वास घेतेय, नि वर हसतेय बघ कशी,” मावशी म्हणाली. “कंपनीचीच असणार. राहू दे तिला इथंच. घेऊ दे वास.”

ब्लेड पर्समध्येच राहिलं.