पुस्तकातला खुनी मी बदलला तेव्हा

नव्वदच्या दशकात मी रोह्याच्या एका कंपनीत होतो आणि सासुरवाडी पेणला. सासऱ्यांचा गणपतीचा कारखाना. आषाढ लागला की सुट्टीच्या दिवशी पॅसेंजर पकडून मीही मदतीला जायचो. मदत म्हणजे काय, तर पहिल्याच दिवशी एका ओल्या मूर्तीची सोंड मी जरा नीट करायला गेलो. सासरे त्या सोंडेकडे बराच वेळ बघत राहिले, मग माझ्याकडे. म्हणाले, "जावईबापू, तुम्ही आपले वाचून दाखवा."

कारखान्यातला रेडिओ तेव्हा बंद पडला होता. त्याच्या जागी मी लागलो.

रोह्याच्या वाचनालयातून मी एका जुन्या इंग्रजी रहस्यकादंबरीचा मराठी अनुवाद आणला. खेड्यातला भलामोठा बंगला, बाहेर बर्फ, आत आठ पाहुणे, आणि सकाळी आजारी मालक अंथरुणात मेलेला. खुनी शेवटच्या प्रकरणात कळणार. मी तो आधीच बघून ठेवला होता. सगळ्यांना ठाऊक नसलेलं काहीतरी आपल्याला ठाऊक आहे, हा अनुभव सासुरवाडीत मला नवा होता.

बायका पितांबर रंगवता रंगवता ऐकायच्या आणि मतं द्यायच्या. सासूबाईंना खुनापेक्षा पाहुण्यांचा राग. "आठ माणसं चार दिवस बसून खातात आणि घरची बाई एकदासुद्धा स्वयंपाकघरात जात नाही? मेला तो सुटला!" धाकट्या मेहुणीचा संशय डॉक्टरवर, कारण तो देखणा होता.

खाडीकडच्या गावाहून एक बाई कामाला यायच्या. दागिन्यांचं सोनेरी काम त्यांच्याकडे. तिसरं प्रकरण संपलं आणि त्या मान वर न करता म्हणाल्या, "नर्सनी मारलान."

"कशावरून?"

"आजाऱ्याची चादर रोज सकाली बदलते म्हनतंय ना तुमचा पुस्तक? मेला त्याच्या आदल्या दिशी नाय बदललान. तिला ठावं व्हता, आता गरज नाय."

मी गार पडलो. खून नर्सनेच केला होता. अजून चौदा प्रकरणं बाकी होती आणि माझी सगळी पत तिसऱ्यातच संपत होती. मी पुस्तक मिटलं, पाणी प्यालो, आणि निर्णय घेतला: खुनी बदलायचा.

मालकाच्या भाच्याला निवडला. नर्सबद्दलची वाईट वाक्यं गाळायची, भाच्याच्या तोंडी दोनचार घालायची. फक्त एक घोळ झाला. भाच्याचा उजवा हात मोडलेला होता आणि ते प्लास्टर मी दुसऱ्याच प्रकरणात मोठ्याने वाचून बसलो होतो. शेवटी ते प्लास्टर खोटं होतं असं मीच जाहीर केलं.

"म्हणजे ह्याने आधीपासून ठरवलं होतं!" मेहुणी ओरडली. मला वाटलं, मी मूळ लेखकापेक्षा बरा लिहितो.

मधल्या काळात त्या बाईंचं नाव 'नर्सबाई' पडलं. "काय गो नर्सबाई, आज कोणाला मारणार?" अशी थट्टा. आधी त्या हसल्या. मग मतं देणंच थांबवलं. भाचा पकडला गेला त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "माजाच चुकला आसंल. आपल्याला काय कलतंय पुस्तकातला." मला वाईट वाटलं, पण टाळ्या मला पडत होत्या. गाडीची वेळ झाली म्हणून घाईत उठलो आणि पुस्तक तिथंच विसरलो. खोटं करणाऱ्याने पुरावा जागेवर सोडू नये, एवढं तरी त्या पुस्तकातून शिकायला हवं होतं.

पुढच्या रविवारी गेलो तर मूर्तींच्या डोळ्यांची आखणी चालू. सासरे डोळे काढत असताना कारखान्यात कोणी बोलायचं नाही, असा शिरस्ता. त्यामुळे मला तीन तास कोणीच काही बोललं नाही. फक्त मेहुणीच्या मांडीवर ते पुस्तक होतं, शेवटच्या प्रकरणात बोट घालून.

सासऱ्यांनी कुंचला खाली ठेवला. "बाई," ते म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. नर्सनेच मारलं. आमच्या जावयांनी दुसऱ्यालाच फासावर चढवला."

बाईंचा हात थांबला. त्या माझ्याकडे वळल्या. "व्हय?"

"व्हय," मी म्हणालो. "तुम्ही सुरुवातीलाच ओळखलंत, म्हणून बदललं."

मला वाटलं, आता ऐकवतील. पण त्या मेहुणीला म्हणाल्या, "वाच गो. त्याला कसा कललान, त्या गुप्तहेराला, ता वाच."

मेहुणीने गुप्तहेराचं आठ पानी भाषण वाचलं. आगगाडीचं वेळापत्रक, मृत्युपत्र, राखेतला कागद. बाई मुकुटाला सोनेरी लावत शेवटपर्यंत ऐकत होत्या.

"हुशार हाय," त्या म्हणाल्या. "पन लई उशिरा कललान."

सगळे हसले. सासरेही. पुढचं पुस्तक कोणतं आणायचं, हे त्या दिवशी बाईंना विचारलं गेलं. वाचायला मेहुणी बसली. मला पॉलिशपेपर देऊन मूर्तींच्या पाठी घासायला लावलं, कारण पाठ कोणी बघत नाही.