टाचणीकाका आणि बावीस पायऱ्या

आमच्या गल्लीतले शिंपी बोलत नसत. मुके नव्हते, कुणाशी भांडलेलेही नव्हते. चाळीस वर्षं त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या, एवढंच. गिऱ्हाईक समोर उभं, हातात कापड, ओठांच्या कोपऱ्यात चार टाचण्या. अशा माणसाला काहीही विचारा, उत्तर एकच. बाही लांब झाली का? हं. उद्या मिळेल का? हं. उद्या मिळायचं नाही हे आम्हालाही ठाऊक असायचं. पुढे पुढे तोंडात टाचण्या नसल्या तरी गाडी "हं"वरच अडलेली. पोरं त्यांना टाचणीकाका म्हणायची. त्यांची बायकोही, होती तोवर, तेच म्हणायची.

माणूस मात्र लाखात एक. माझा डावा खांदा जरा खाली आहे. जन्मभर संसार केलेल्या नवऱ्याला ते कळलं नाही. यांनी पहिल्याच मापाला ओळखलं आणि न बोलता त्या बाजूला कापडाची एक जास्तीची घडी घालून दिली.

बहात्तराव्या वर्षी त्यांच्या हृदयानं दगा दिला. दवाखान्यातून सुटले ते लेकीकडे गेले. दुकान पहिल्या मजल्यावर, बावीस पायऱ्या, लिफ्ट नाही. लेक म्हणाली, "बाबा, आता पुरे. कुलूप लावू या."

काकांनी तोंड उघडलं. "मरेन मी."

आता हृदयाच्या माणसानं असं बोलावं का? लेक रडायलाच लागली. शेवटी ठरलं ते असं. दवाखान्यामागच्या हॉलमध्ये व्यायामाचा वर्ग चालतो, तिथे काकांनी सहा आठवडे जायचं. मग व्यायामाच्या बाई स्वतः जिन्यापाशी येऊन सांगतील, दुकान की कुलूप.

त्या वर्गात मी आधीपासूनच होते, गुडघ्यांच्या कृपेनं. भिंतीला धरायला लाकडी दांडा, रंग उडालेली एक सायकल आणि प्लास्टिकच्या खुर्च्या, एवढाच तिथला थाट. बाई म्हणजे माझ्या नातीच्या वयाची पोर. मला वाटलं होतं, व्यायाम म्हणजे एक दोन तीन चार, सगळ्यांनी हात वर. पण इथे प्रत्येकाचं वेगळं. मी हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठायचं. साखरेच्या आजारवाल्या मास्तरीणबाईंना, काही खाऊन आलात का, बूट कुठे चावत नाही ना, हे विचारल्याशिवाय सुरुवात नाही. दम्याच्या न्हाव्यानं आधी बराच वेळ रमतगमत चालायचं, फवारा खिशात ठेवून.

मी म्हटलं, "अगं, सगळ्यांना एकाच मापाचा शर्ट शिवला असतास तर लवकर घरी गेली असतीस."

"आणि बटणं कुणाची तुटली असती, आजी?"

हृदयवाल्यांसाठी तिची कसोटी साधी होती. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग ठीक. वाक्य मधेच तुटलं तर हळू व्हायचं.

तिथेच घोळ झाला. तिसऱ्या दिवशी बाई मास्तरीणबाईंच्या पायाला पट्टी लावत होती. तिथूनच ओरडली, "काका, बरं वाटतंय ना?"

"हं."

"दम नाही ना लागत?"

"हं."

आणि दोन मिनिटांत काका पांढरेफटक पडून दांड्याला लटकले. बाईनं धावत येऊन बसवलं, नाडी बघितली, डॉक्टरांना बोलावलं. घाबरण्यासारखं काही निघालं नाही, पण त्यांना न्यायला आलेली लेक म्हणाली, "बघितलंत? मी सांगत होते."

"चूक माझी," बाई म्हणाली. "मी वाक्य मागायला हवं होतं. यांना बोलतं करणारं कुणीतरी बरोबर चालायला हवं."

सगळ्यांनी माझ्याकडे का पाहिलं, ते मला आजतागायत समजलेलं नाही.

माझे गुडघे आणि त्यांचं हृदय, दोघांचा वेग एकच निघाला. पण बोलणं? मी विचारलं, "कोट कसा शिवतात हो?"

"कापून."

दोन दिवस असेच वाया गेले. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "हल्ली दुकानात तयार शर्ट मिळतात, काय सुरेख शिवण असते त्यांची!"

"सुरेख? वहिनी, ती शिवण कधी उलटून बघितलीत का? धागा ओढला की अख्खी बाही हातात येते! आणि काज? अहो, ते काज नाही, भोक आहे भोक!"

"पूर्ण वाक्य!" बाई टाळ्या वाजवत ओरडली. "वेग बरोबर! पण आजी, थोडंच चिडवा हं."

मग मी रोज बेतानं एकेका गोष्टीचं कौतुक करत गेले. एक दिवस चिकटपट्टीनं दुमडलेली पँट, एक दिवस इलॅस्टिक. वेग हळूहळू वाढत गेला आणि मीच मागे पडायला लागले.

सहावा आठवडा संपला. जिन्यापाशी लेक कुलूप घेऊन उभी. मी खालच्या पायरीवर बसले. काका आणि बाई चढू लागले. काकांनी एका जाड्या गिऱ्हाइकाची गोष्ट काढली होती. सात, आठ, नऊ. तेराव्या पायरीवर आवाज अडखळला. "मी त्याला म्हटलं, कमरेला जरा..."

वाक्य तिथेच तुटलं. लेकीनं पदर मुठीत घट्ट धरला. मला वाटलं, आता हा हट्टी माणूस दात आवळून उरलेल्या नऊ पायऱ्या चढणार.

काकांनी कठडा धरला. "दम लागला. थांबतो मी." आणि सरळ पायरीवर बसले.

"संपलं," लेक म्हणाली. "चला बाबा खाली."

"उलट जमलं," बाई म्हणाली. "मी एवढंच बघायला आले होते. दम लागूनही न थांबता वर गेले असते, तर कुलूप मीच लावायला सांगितलं असतं."

दोनेक मिनिटांनी काका उठले. "...कमरेला जरा ढिलं ठेवू, जेवण झाल्यावर परत माप देऊन जा!" असं म्हणत राहिलेल्या नऊ पायऱ्या सावकाश चढून गेले.

लेक डोळे पुसत मागोमाग गेली. थोड्या वेळानं वरून आवाज आला, "आठवड्यातून तीन दिवस. आणि वर्ग चुकवायचा नाही."

"पाच."

"तीन म्हणजे तीन, बाबा!"

"साडेतीन."

"अर्धा दिवस कुठून काढलात?"

"शनिवारचा. तू दुपारी डबा घेऊन ये, तो खाल्ला की तुझ्याबरोबर खाली येतो."

शनिवार अर्धा ठरला.