नंबराला लावलेली पिशवी

पंधरा तासांचा प्रवास होता आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसलो होतो. त्यामुळे त्यातलं काय बिघडलेलं आहे आणि काय मुळातच तसं असतं, हे मला कळत नव्हतं. माझी खुर्ची मागे जात नव्हती. ती तशीच असते असं मी धरून चाललो.

माझं गाव खर्ड्याजवळ. घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला, आणि आता पुढच्या शिक्षणासाठी परदेशी निघालो होतो. शेजारी साठी उलटलेल्या एक आजी होत्या, पाथर्डीकडच्या. मुलगी तिकडे नर्स आहे, तिच्या बाळंतपणाला चालल्या होत्या. शेजारी आपल्याच जिल्ह्याचं माणूस निघालं याचं त्यांना काही विशेष वाटलं नाही.

"बरं झालं. उतरायच्या आधी माझा फारम भर," म्हणाल्या.

जेवण झाल्यावर त्यांनी बीपीची गोळी घेतली. "पान्याची गोळी हाय ही. घेतली की दोन तास सारखं जावं लागतं."

अर्ध्या तासाने वैमानिकाने घोषणा केली. मागच्या सगळ्या टॉयलेटांची यंत्रणा बंद पडली होती. आमच्या भागात पुढचं एकच चालू होतं. सहकार्याबद्दल तो आभारी होता. मी आजींना सांगितलं. त्यांनी गोळ्यांच्या पाकिटाकडे पाहिलं.

"आता ती काय परत निघायची न्हाई."

बघता बघता रांग आमच्या खुर्च्यांच्याही मागे गेली. आजींचे गुडघे कामातून गेलेले. पाच मिनिटंही उभं राहणं जमणार नव्हतं. "मी हवाईसुंदरीला विचारतो, तुम्हाला पुढे सोडतील," असं म्हणून मी बसूनच राहिलो. मनात इंग्रजी वाक्य जुळवत होतो. म्हातारीसाठी कोणता शब्द सभ्य, यावर अडलं होतं.

"जुळलं का?"

"होतंय, आजी."

"तवर माझं हितंच हुईल." त्यांनी पायाशी ठेवलेली कापडी पिशवी माझ्या हातात दिली. "ही नंबराला लाव."

यात मला काहीच वावगं वाटलं नाही. टँकर यायचा असला की आमच्याकडे बाया हंडा रांगेत लावून खुरपायला जातात. मागची बाई आपल्या हंड्याबरोबर पुढचाही सरकवते. हंडा ओलांडून कोणी पुढे गेलंच तर भांडण होतं, आणि ते योग्यच असतं. मी पिशवी रांगेच्या शेवटी ठेवली, तिच्यामागे येऊन उभ्या राहिलेल्या उंच गोऱ्या माणसाला मान डोलावली आणि जागेवर येऊन बसलो.

रांग पुढे सरकली. पिशवी सरकली नाही. गोरा माणूस तिच्याकडे पाहत राहिला, मग दोन पावलं मागे गेला. त्याच्यामागचेही गेले. थोड्या वेळाने हवाईसुंदरी आली, तिच्याबरोबर एक दांडगा कर्मचारी. दोघं पिशवीपासून हातभर लांब थांबून हळू आवाजात बोलू लागले. मग तिने मोठ्याने विचारलं, ही कोणाची?

"जा की," आजी म्हणाल्या. पदर मुठीत आवळून धरला होता. "लवकर जा, लेकरा."

मी उठलो. जुळवलेलं वाक्य गेलं. मी इंग्रजीत म्हणालो, "ही पिशवी म्हणजे एक आजी आहे. तिचा नंबर आहे. तिने गोळी घेतली आहे."

शेवटचं वाक्य टाळता आलं असतं. आत काय आहे, असं कर्मचाऱ्याने विचारलं. मी पिशवी उघडली. डिंकाचे लाडू होते आणि बाळाची झबली. हवाईसुंदरीने लाडू पाहिले, मग मी बोट दाखवलं तिकडे आजींना पाहिलं. आजींनी बसल्या जागेवरून करंगळी वर केली.

माझ्या तिन्ही वाक्यांनी झालं नव्हतं ते झालं. हवाईसुंदरीने आजींना दंडाला धरून उठवलं, पुढचा पडदा बाजूला केला आणि महागड्या तिकिटांच्या भागातल्या टॉयलेटात नेलं.

आजी परत आल्या तेव्हा चेहरा निवांत होता.

"ती म्हनली, लागंल तवा ये."

"तुम्हाला कसं कळलं?"

"पडद्याकडं हात केला अन् तिनं बी करंगळी दावली."

मी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. मलाही बऱ्याच वेळापासून जायचं होतं.