सायकलला सूट नाही

आमच्या गाडीची किल्ली तो सबंध उन्हाळा दाराजवळच्या खुंटीला लटकून होती. गाडी होती, पेट्रोल होतं, चालवायची परवानगी नव्हती. टेक्सासमध्ये आमच्यासारख्यांचं लायसन्स व्हिसाच्या तारखेला बांधलेलं असतं. नवऱ्याचा व्हिसा वाढवून मिळावा म्हणून त्याच्या कंपनीने केलेला अर्ज सरकारदरबारी पडून राहिला, तारीख उलटली आणि त्याचं लायसन्स संपलं. माझा व्हिसा त्याच्यावर अवलंबून, म्हणून माझंही. नोकरीवर जायला मात्र मुभा होती. जायचं कसं, ते ज्याचं त्याने बघायचं.

अर्विंग शहरातल्या आमच्या अपार्टमेंटपासून त्याच्या ऑफिसपर्यंत बस नाही. रोज टॅक्सी परवडेना. मित्र न्यायला तयार होते, पण रोज कुणाच्या तरी गाडीची वाट बघत उभं राहायचं, हा मिंधेपणा त्याला सोसेना. त्याने सायकल घेतली.

सायकलने येणाऱ्यांना कंपनी थोडे पैसे देते, हे त्याला तेव्हा कळलं. स्वारी खूश. मग एचआरच्या बाईंनी समजावलं, की हे पैसे पगारात धरले जातील आणि त्यांवर टॅक्स कापला जाईल. पूर्वी सूट होती. ती आधी काही वर्षं स्थगित केली, आता कायद्यातूनच काढून टाकलीय. गाडीच्या पार्किंगचे पैसे कंपनीने भरले, तर मात्र सूट चालू आहे.

"म्हणजे बघ यार," घरी येऊन तो हसत म्हणाला, "गाडी दिवसभर नुसती पार्क केली तर टॅक्स माफ. मी घाम गाळत पेडल मारलं तर टॅक्स कट!"

मला हसू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. रक्कम किरकोळ होती, तिचं मला काही नव्हतं. पण रोज सकाळी बाल्कनीत उभी राहून मी त्याची पाठ बघत होते. रुंद रस्ता, कडेला सायकलसाठी वेगळी जागा नाही, आणि बाजूने सुसाट जाणारे पिकअप ट्रक. सिग्नलपाशी वळला की तो दिसेनासा व्हायचा. 'पोचलो' असा मेसेज येईपर्यंत मी बाल्कनीतून हलत नसे. ह्या देशाला तो कामावर हवा होता. तिथवर तो जिवंत पोचतो का, ह्याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं.

एका संध्याकाळी तो कोपर सोलवटून घेऊन आला. ट्रकचा आरसा दंडाला घासून गेला आणि हा गवतात पडला. ट्रक थांबला नाही.

"बास. उद्यापासून बंद," जखम धुताना मी म्हणाले.

"आणि जॉब? तो गेला तर अर्जही गेला."

"जाऊ दे. परत जाऊ आपण."

त्याने टॉवेलने कोपर टिपलं. मग म्हणाला, "मागून येणाऱ्याने थोडं स्लो केलं ना, तरी पुरे गं."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सायकलवर बसला. मी पुन्हा बाल्कनीत.

उन्हाळा सरत आला तेव्हा मंजुरी आली, मागोमाग दोघांची लायसन्सं आली. किल्ली खुंटीवरून निघाली. पहिल्याच रविवारी आम्ही किराणा आणायला निघालो. गाडी मी चालवत होते. त्याच रस्त्यावर पुढे एक माणूस सायकलवर दिसला. कुठल्या तरी रेस्टॉरंटचा काळा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, मागे दिवा नाही. मी वेग कमी केला आणि हॅझर्ड लाइट लावून त्याच्या मागे राहिले. आमच्या मागचा गाडीवाला हॉर्नवर हॉर्न मारायला लागला.

"डावी लेन मोकळी आहे, जा ना पुढे," नवरा म्हणाला.

"मी गेले तर मागचा थेट ह्याच्या अंगावर येईल. वाजवू दे त्याला हॉर्न," मी म्हणाले. "ह्याच्याही घरी कुणीतरी बाल्कनीत उभं असेल."