पंचाक्षरी दर उन्हाळ्यात युरोपला निघतात

बाजारात हापूस आला आणि सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आपल्या चादरीच्या दुकानात दुपारचं गिऱ्हाईक आटलं, की पंचाक्षरी युरोपचा नकाशा काढत. कैक वर्षांत हा नेम चुकला नव्हता. चादरींच्या गठ्ठ्यावर नकाशा पसरायचा, तो उडतो म्हणून पंखा बंद करायचा आणि घाम पुसत पुसत स्वित्झर्लंडात शिरायचं.

नियोजन अस्सल सोलापुरी होतं. सकाळी सहाला बाहेर पडायचं आणि मनोरे, राजवाडे जे काही असेल ते दहाच्या आत उरकायचं. बारा ते चार हॉटेलात पडदे ओढून झोप. ऐन उन्हाळ्यात शहाणा माणूस दुपारी बाहेर पडत नाही, मग ते पॅरिस असो नाहीतर मधल्या मारुतीचा चौक. पॅरिसात सकाळी सहाला काहीच उघडत नाही असं कुणी सांगितलं, तर पंचाक्षरी म्हणत, "मग गर्दी होणारच की." ऊन बाधू नये म्हणून खिशात बाळगायचे कांदेसुद्धा सामानात धरलेले होते.

हे सगळं चाललं होतं त्यांच्या बायकोसाठी. रत्नम्मांनी उभ्या संसारात एकच हट्ट धरला होता. एका जुन्या कॅलेंडरवर बर्फाचा डोंगर होता. वर्ष संपलं तरी त्यांनी ते स्वयंपाकघरातून काढलं नाही. तो बर्फ त्यांना हातात घ्यायचा होता. यंदा डॉक्टरांनी त्यांचे गुडघे बघून सांगितलं होतं, काय हिंडायचं ते याच वर्षी हिंडून घ्या.

एप्रिल संपता संपता पंचाक्षरी रिवाजाप्रमाणे सात रस्त्यावर महेश्वरच्या ट्रॅव्हल ऑफिसात गेले. महेश्वर त्यांना दरवर्षी सांगे, "काका, जानेवारीत येत जावा. आता सीझन फुल्ल हाय." त्यावर पंचाक्षरी "अरेरे" म्हणत. ते म्हणताना त्यांचा चेहरा खुलत असे. मग बाहेर येऊन ते उसाचा रस पीत आणि प्रसन्न मनाने घरी जात.

यंदा महेश्वर म्हणाला, "बसा काका. लातूरचं एक जोडपं गळालंय. जूनअखेरच्या टूरला दोन जागा हायेत. व्हिसाचं मी बघतो. उद्या दुपारपर्यंत तेवढं सांगा."

पंचाक्षरी खुर्चीच्या कडेला टेकले. "लई गर्दी असंल की रे."

"असणारच. सीझन हाय."

"आणि ऊन? तितंबी आता ऊन पडतंय म्हणे."

"कांदा हाय की तुमच्याकडं," महेश्वर म्हणाला. त्याचा चेहरा जराही हलला नाही.

त्या दिवशी पंचाक्षरींनी रस घेतला नाही.

घरी रत्नम्मा भाकऱ्या थापत होत्या. पंचाक्षरींनी उंबऱ्यातच सुरुवात केली. जूनमध्ये माल येतो, दुकान कुणाच्या भरवशावर टाकायचं, गर्दीत तुझ्या गुडघ्याला धक्का लागला तर काय करायचं. रत्नम्मांनी तव्यावरची भाकरी उलटली.

"ओ, ते डबीचं बोला," त्या म्हणाल्या.

पंचाक्षरींचा हात छातीवर गेला. त्यांच्या गळ्यात चांदीची डबी होती आणि डबीत इष्टलिंग, लिंगायतांनी जन्मभर अंगावर बाळगायचं. लहानपणी दीक्षा झाली तेव्हा वडिलांनी ती स्वतः त्यांच्या गळ्यात घातली होती. सकाळच्या पूजेला लिंग तळहातावर येई तेवढंच, एरवी ते अंगावेगळं झालं नव्हतं. पण कैक वर्षांपूर्वी शेजारच्या दुकानातले गुरुसिद्धप्पा दुबईहून आले आणि सांगून गेले, की विमानतळावर अंगावरचं सगळं धातूचं सामान काढायला लावतात आणि चपला-पट्ट्यांबरोबर तबकात घालून यंत्रातून पाठवतात. पंचाक्षरी तेव्हापासून दरवर्षी युरोपला निघत होते आणि रसाच्या गाड्यावरून परत येत होते.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतंय? टीव्हीत इमान दिसलं की तुमचा हात छातीवर जातोय." रत्नम्मांनी पुढची भाकरी तव्यात टाकली. "डबी देवघरात ठेवा. लिंग कापडात बांधू. कापडाला कोण कशाला अडवंल?"

"असं कापडात बांधून कुणी घालतं का?" पंचाक्षरींचा आवाज चढला.

रत्नम्मांनी पिठाचा हात पुसला आणि पदराआडून गळ्यातली दोरी बाहेर काढली. तिच्या टोकाला पांढऱ्या कापडाची गाठ होती.

"माझं लहानपणापास्नं कापडातच हाय. चांदी पोरांला केली, पोरींला कापड. तुमच्या घरात आले तवाबी कुणी बदललं न्हाय." त्यांनी गाठ परत पदराआड सारली. "त्या यंत्रातनं मलाबी जायचं होतं की. तुझ्या लिंगाचं कसं, असं एकदा तरी विचारलं का ओ?"

ती गाठ पंचाक्षरींनी चाळीस वर्षं रोज सकाळी पूजेच्या वेळी शेजारी बघितली होती. आपल्या भीतीपायी त्यांनी बायकोचा बर्फ इतकी वर्षं अडवून धरला होता, आणि तिच्याही गळ्यात तेच आहे हे त्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं. त्यांना लाज वाटली. चांगलीच वाटली.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर लिंग डबीत गेलं नाही. रत्नम्मांनी ते धुतलेल्या पांढऱ्या कापडात बांधलं, गाठ ओढून बघितली आणि नवऱ्याच्या गळ्यात घातलं. पंचाक्षरींनी तिथेच बसून महेश्वरला फोन लावला आणि दोन्ही जागा धरायला सांगितलं. मग नकाशा काढला.

"बर्फाला सकाळी सहालाच जाऊ," ते जरा चाचरत म्हणाले. "दुपारी झोप होईल."

"दुपारी जायचं," रत्नम्मा म्हणाल्या. "झोपायला सोलापूर हाय की."